‘चष्म्यानेच नंबर वाढतो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. वर ठळक अक्षरांत ‘मुलांचा चष्मा तीन महिन्यांत सुटतो’, आणि खाली मुद्दे. चष्म्याने डोळे आळशी होतात आणि नंबर वाढत जातो. द्यायचाच तर कमी नंबरचा द्या. गाजर, बदाम-बडीशेप-खडीसाखर सुरू करा, डोळ्यांत मध घाला, त्राटक करा. मोबाइल काढून घेतला की प्रश्न मिटला. डॉक्टर देतात ते थेंब म्हणजे धोतऱ्याचं विष. आणि शेवटी, अठरा वर्षांनंतर लेझर आहेच, तोवर कशाला खर्च करता?

गोव्यात फोंड्यातल्या माझ्या दुकानात पालक हा मेसेज उघडून मोबाइलच माझ्यापुढे धरतात. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारा आहे, चष्मे विकून पोट भरतो. तेव्हा माझं बोलणं थोडं पारखूनच घ्या. पण यातला सगळ्यात कामाचा उपाय फुकटातला आहे आणि तो माझ्या दुकानात मिळत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

एक गोष्ट समजली की मेसेजमधले निम्मे मुद्दे आपोआप गळून पडतात. मायनस नंबर हा डोळ्याचा अशक्तपणा नव्हे. जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १६-१७ मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाचा साधारण २३-२४. वाढता वाढता तो थांबायला हवा तिथे थांबला नाही, लांबतच गेला, तर लांबची प्रतिमा डोळ्यातल्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि फळ्यावरचं धूसर दिसतं. एक मिलिमीटर जादा लांबी म्हणजे अडीच-तीन नंबर. मुलाची उंची वाढली की ती परत कमी होत नाही, तसंच हे आहे. म्हणून ‘नंबर घालवा’ ही मागणीच चुकीची. मागायचं ते एवढंच, की वाढीचा वेग कमी करा.

मग ‘आमच्या भाच्याचा नंबर खरंच गेला’ असं शपथेवर सांगणारे लोक भेटतात, त्यांचं काय? ते खोटं बोलत नाहीत. मुलांच्या डोळ्यातलं भिंग जवळचं पाहण्यासाठी आवळण्यात फार तरबेज असतं. परीक्षेच्या दिवसांत तासन्‌तास पुस्तकात डोकं घातलेल्या मुलाचं भिंग कधीकधी आवळलेलंच राहतं. असं मूल मशीनसमोर बसलं की पावणेदोन नंबर छापून येतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे थेंब घालून भिंग सैल केलं आणि पुन्हा तपासलं की तोच नंबर पाव उरतो, कधी तेवढाही नाही. हा खोटा नंबर सुटी लागली की बदामाशिवायही जातो. श्रेय मात्र बदामाला मिळतं. याचा उलटा अर्थ पालकांनी घ्यायला हवा: मुलाचा पहिला चष्मा थेंब घालून तपासल्याशिवाय करू नये, माझ्या दुकानातही नाही. थेंबांमुळे काही तास, काही थेंबांनी त्याहूनही जास्त वेळ, जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. मूल कुरकुरतं, आजी घाबरते. त्याला इलाज नाही.

आता ‘चष्म्याने नंबर वाढतो’. सातव्या-आठव्या वर्षी चष्मा लागतो आणि पुढच्या वर्षी नंबर अर्धा-एकने वाढतो, हे प्रत्येक घराने पाहिलेलं असतं. पण तेच तर डोळा झपाट्याने लांबण्याचं वय. चष्मा नसता तरी नंबर चढलाच असता, फक्त तो कागदावर आला नसता.

कमी नंबर देण्याचा सल्ला जुना आहे, आणि खरं सांगायचं तर आमच्या धंद्यातल्या लोकांनीही तो वर्षानुवर्षं दिलाय. मलेशियात तो तपासून पाहिला गेला. ९४ मुलांपैकी काहींना पूर्ण नंबर, काहींना पाऊण नंबर कमी. दोन वर्षांत पूर्ण नंबरवाल्यांचा सरासरी ०.७७ ने वाढला, कमी नंबरवाल्यांचा १.०० ने. २००२ सालचा हा अभ्यास. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत निष्कर्ष इतका सरळ नाही, हे मान्य. पण कमी नंबर देऊन मुलाचं भलं होतं असा भरवशाचा आधार त्यातून उभा राहत नाही, आणि मुलाला फळा दिसत नाही हे नुकसान तर रोजचं. वहीत ५८ च्या जागी ५३ उतरवलेलं असतं, आई धसमुसळेपणाबद्दल रागावते, आणि तपासणीच्या चौकटीत, म्हणजे ट्रायल फ्रेममध्ये, योग्य नंबरची काच टाकली की तेच पोर रस्त्यापलीकडच्या बेकरीची पाटी वाचायला लागतं.

गाजर-बदाम खुशाल खा. ‘अ’ जीवनसत्त्व फारच कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, बुबुळ खराब होतं. ते आजार खरे आहेत. डोळ्याची लांबी मात्र गाजराला कळत नाही. मधाबद्दल इतकं सौम्य बोलता येणार नाही. बाटलीतला मध निर्जंतुक नसतो, तो पोराच्या डोळ्यात घालू नका. कांद्याचा रसही नको, गुलाबपाणीही नको. त्राटकाने मन स्थिर होत असेल, कुणाच्या साधनेवर मला बोलायचं नाही. पण डोळ्यांच्या व्यायामाने चष्मा सुटतो ही कल्पना न्यूयॉर्कच्या बेट्स नावाच्या डॉक्टरने शंभर वर्षांपूर्वी मांडली, आणि तिचा पाया होता की डोळ्याबाहेरचे स्नायू डोळ्याला दाबून फोकस बदलतात. फोकस आतलं भिंग बदलतं. पायाच चुकला म्हटल्यावर पुढे काय बोलायचं?

मोबाइलचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून तोच जास्त घोटाळा करतो. मोबाइल नाकाला लावून पाहणं वाईटच. पण मोबाइल हिसकावून मुलाला त्याच खोलीत त्याच खुर्चीवर गोष्टीचं पुस्तक किंवा ट्यूशनची वही दिली, तर डोळ्याच्या दृष्टीने फारसं काही बदललं नाही. जवळचं काम ते जवळचं कामच. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा घेऊन तर मुळीच बदलत नाही. त्या काचा मीही विकतो, पण मायनस नंबर थांबवायला म्हणून नाही. पुस्तक हातभर नाही तरी निदान फूटभर लांब, मध्ये मध्ये उठणं, हे ठीक. खरी कमतरता असते ती बाहेरच्या उजेडाची.

हा पुरावा चांगला भक्कम आहे. चीनमधल्या ग्वांगझो शहरातल्या बारा शाळांत पहिलीच्या मुलांवर प्रयोग झाला. सहा शाळांत रोज चाळीस मिनिटांचा जादा तास, वर्गाबाहेर. तीन वर्षांनी तिथल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. निकाल २०१५ मध्ये छापून आला. तैवानने तर २०१० पासून शाळांतून रोज दोन तास बाहेर घालवण्याची मोहीमच चालवली. कारण असं मानतात की झगझगीत उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामाइन नावाचं रसायन सुटतं आणि ते डोळ्याच्या लांबण्याला लगाम घालतं. दिवे लावलेल्या वर्गात उजेड तीनशे ते पाचशे लक्स (उजेड मोजायचं माप) असतो. उघड्यावर दहा हजारांच्या वर सहज जातो, आणि झाडाच्या सावलीतही वर्गाच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे उन्हात पोर करपवायची गरज नाही. टोपी घाला, सावलीत खेळू द्या. एक मर्यादा सांगितली पाहिजे: उजेडाचा फायदा नंबर लागू न देण्यात ठसठशीत दिसतो, एकदा लागलेला नंबर हळू करण्यात तितका नाही. म्हणजे ही गोष्ट चष्मेवाल्या मुलाच्या धाकट्या भावंडासाठी जास्त मोलाची.

‘भाई, आपल्या गोव्यात भुरगी (मुलं) बाहेरच वाढतात’, असं मला ऐकवतात. वाढत होती. आता शाळा दीड-दोनला सुटते, जेवण, डुलकी, चारला ट्यूशन, सहाला गाण्याचा नाहीतर कराटेचा क्लास तोही हॉलमध्ये, आणि बाहेर पडेतो काळोख. साखळी-वाळपईकडची मुलंही याच वेळापत्रकावर चालतात, बाजूला सुपारी-नारळाचं कुळागर असून. माझं पालकांना एकच सांगणं: चार ते सहाच्या मधला एक तास ट्यूशनकडून सोडवून घ्या. देवळाचं प्रांगण आहे, फुटबॉलचं मैदान आहे. पावसाळ्यात चार महिने अडचण होते हे खरं, पण ढगाळ दिवसाचा उजेडही खोलीतल्या ट्यूबलाइटपेक्षा पुष्कळ जास्त. पडवीच्या काठावर बसून पोरांनी सोंगट्या खेळल्या तरी ते आतल्या सोफ्यापेक्षा बरं. गणेशचवथीच्या आधी आजोबांबरोबर माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-पानांचं, सामान आणायला डोंगरावर गेलेलं मूल सकाळभरात जेवढा उजेड घेतं, तेवढा त्याला आठवडाभर वर्गात मिळत नाही.

आता धोतऱ्याचं विष. इथे मेसेज लिहिणाऱ्याला वनस्पतिशास्त्र थोडंफार येत असावं, कारण नंबरची वाढ हळू करायला डॉक्टर देतात त्या थेंबांतलं औषध, ॲट्रोपिन, धोतऱ्यात असतं हे खरं आहे. विषारी आहे हेही खरं. प्रश्न मात्रेचा आहे. डोळे तपासायला वर्षानुवर्षं एक टक्क्याचे थेंब वापरतात. सिंगापूरने तेच रोज घालून पाहिले. नंबरचा वेग बराच कमी झाला, पण बाहुली पसरलेली, ऊन सोसेना, जवळचं वाचवेना, आणि थेंब थांबवल्यावर नंबर उसळून वर आला. म्हणून मात्रा शंभरपट कमी करून ०.०१ टक्क्यावर आणली. २०१२ च्या त्या निकालावर जगभर डॉक्टर खूश झाले. पुढे हाँगकाँगमध्ये ०.०१, ०.०२५ आणि ०.०५ टक्के समोरासमोर लावून पाहिले, त्यात ०.०५ सरस ठरलं. आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात ०.०१ टक्क्याने नुसत्या पाण्यासारख्या थेंबांपेक्षा काही वेगळं घडलं नाही, तर भारतातल्या अभ्यासात त्याच मात्रेचा फायदा दिसला. असा हा वाद चालू आहे. म्हणजे थेंब जादू नाहीत, विषही नाहीत. कुठल्या मुलाला, किती टक्क्यांचे, किती वर्षं आणि बंद कसे करायचे हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. शेजारणीच्या मुलाची बाटली मागून आणायची नाही, आणि घरात असेल तर लहान भावंडाच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवायची.

मेसेजमध्ये ज्यांचा उल्लेखच नाही असे खास काचांचे चष्मेही आहेत. मधोमध पूर्ण नंबर आणि भोवती शेकडो बारीक भिंगं. हाँगकाँगमध्ये दोन वर्षांच्या चाचणीत अशा काचांनी नंबरची वाढ सुमारे निम्म्यावर आली. महाग आहेत, साध्या काचांच्या कितीतरी पट. ज्याचा नंबर वर्षाला पाव चढतो त्याला मी त्या सुचवत नाही. पाऊण-एक चढत असेल तर सुचवतो. दिवसा घालायच्या आणि रात्री घालून झोपायच्या कॉन्टॅक्ट लेन्सही निघाल्यात, चालतात, पण लेन्सला पाणी लागता कामा नये. विहिरीवर, झरीवर, नदीत डुंबणाऱ्या पोराला त्या देताना मी दहादा विचार करतो. पाण्यातून होणारा बुबुळाचा संसर्ग नंबरपेक्षा कितीतरी वाईट.

उरला लेझर. मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा हा, कारण तो समजूतदार वाटतो. लेझरने बुबुळाचा आकार बदलतो आणि चष्मा जातो, मान्य. डोळ्याची लांबी तेवढीच राहते. लांबलेल्या डोळ्यात पडदा ताणलेला असतो. तो सुटण्याचा, मधल्या भागात झिजण्याचा, काचबिंदूचा धोका लेझरनंतरही जिथल्या तिथे. सहाच्या पुढे गेलेल्या नंबरला हा धोका फार वाढतो. आणि नंबर एकाने जरी कमी राखला तरी पडद्याच्या मधल्या भागाच्या त्या आजाराची शक्यता सुमारे चाळीस टक्क्यांनी घटते, असा २०१९ मध्ये मांडलेला हिशेब आहे. साडेतीनवर थांबलेला आणि साडेसातवर गेलेला, दोघांचाही चष्मा विशीत लेझरने सुटेल. पन्नाशीत दोघांचे डोळे सारखे नसतील. सहा ते बारा या वयात जे करायचं ते अठराव्या वर्षी करता येत नाही.

आईबाबांपैकी एकाला जरी मायनस नंबर असेल तर मूल तक्रार करण्याची वाट पाहू नका. लहान मुलाला धूसर दिसणं म्हणजे काय हेच माहीत नसतं. शाळेत जायच्या आधी एकदा तपासा, नंबर लागला तर दर सहा महिन्यांनी. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेत्रविभाग आहे, म्हापसा आणि मडगावला जिल्हा इस्पितळं आहेत; खासगी परवडत नसेल तर तिथे जा. आणि कुठेही गेलात तरी आधीच्या तपासण्यांचे कागद बरोबर न्या. आजचा नंबर एकटा काही सांगत नाही, गेल्या वर्षीचा शेजारी ठेवला की वेग कळतो. माझ्याकडे येणारे बहुतेक पालक जुना चष्मा आणतात आणि कागद घरी विसरतात. काही हरकत नाही, जुन्या काचेचा नंबर मोजून घेता येतो, तेव्हा तो चष्मा मोडला असला तरी फेकू नका.