किडे पडले म्हणून पोस्टमार्टम वाया जात नाही

वावरात कुणाचं प्रेत दोन-तीन दिवसांनी सापडलं की गावच्या ग्रुपवर तोच मजकूर पुन्हा फिरतो : ‘किडे पडले म्हणजे आठवडा उलटला. विष घेतलं की मारलं, आता काही कळत नाही. पोस्टमार्टमसाठी अडून बसू नका, माती उरकून घ्या.’

आधी आठवड्याचं बघू. मांसातून किडे आपोआप उपजत नाहीत, हे फ्रान्चेस्को रेदीनं १६६८ मध्येच दाखवलं. हिरव्या-निळ्या चमकत्या माश्या दिवसाउजेडी उघड्यावरच्या प्रेतावर लगेच येतात आणि डोळे, नाक, तोंड, जखमा यांत अंडी घालतात. किसलेल्या खोबऱ्यासारखे पांढरे पुंजके दिसतात ते हेच. आपल्याकडच्या उबेत ती साधारण दिवसभरात फुटतात. मांसमाशी तर थेट जिवंत अळीच टाकते. त्यामुळे काल गेलेल्या माणसाच्या अंगावर आज किडे दिसू शकतात.

नेमका काळ अळीच्या मागच्या टोकावरून काढायला सुरुवात होते. भिंगाखाली तिथे श्वासरंध्रांच्या दोन चकत्या दिसतात. अळीच्या वाढीच्या दुसऱ्या अवस्थेत प्रत्येकीत दोन चिरा, तिसऱ्या अवस्थेत तीन. माशीची जात, अळीची अवस्था आणि त्या दिवसांचं तापमान जुळवलं की अंडी घातल्याला किमान किती वेळ झाला ते निघतं. किमानच हं. रात्री माश्या सहसा अंडी घालत नाहीत, बंद खोलीत उशिरा पोचतात. शिवाय खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या जखमेत, ढोरांच्या पडतात तसे, जिवंतपणीच किडे पडलेले असू शकतात.

आता विषाचं. फवारणीचं औषध पिऊन जीव देणं ज्या मुलखात नवं नाही, तिथे हा गैरसमज सगळ्यात घातक. अळी विषारी मांस खाते तेव्हा ते विष तिच्या अंगात उतरतं. हवाईमध्ये मॅलॅथिऑन हे कीटकनाशक प्यायलेल्या एका माणसाच्या प्रेतावरच्या अळ्यांत मॅलॅथिऑन सापडल्याची नोंद १९८९ मध्ये छापून आली आहे. किती प्यायला, हे मात्र अळी सांगू शकत नाही. अशा औषधानं माश्या उशिरा येतात, म्हणून काळाचा हिशेबही चुकू शकतो. विषाचा संशय असेल तर तो तपासणाऱ्याला आधीच सांगितलेला बरा.

मारहाणीबद्दल मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, सडलेल्या कातडीवर वळ ओळखू येत नाहीत. पण तळहातावर किंवा कोपराखाली अळ्यांचा दाट घोळका असेल, तर तिथे आधी वार होता का हे बघायलाच हवं. वार अडवताना हातच पुढे येतात.

राहता राहिला कायदा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये एक सूट आहे खरी : हवामान आणि अंतर यांमुळे प्रेत वाटेतच सडून तपासणी निरुपयोगी होणार असेल, तर ते पाठवण्याची सक्ती नाही. पर्लकोटा नदीला पूर येऊन गडचिरोलीतलं भामरागड तुटलं असताना हे समजू शकतं. नुसत्या अळ्या दिसल्या म्हणून ही सूट लागू होत नाही.

उलट या अळ्याच जपायच्या असतात. काही गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवायच्या, काही जिवंत वाढवायच्या. पोट भरलेल्या अळ्या कोषात जायला प्रेत सोडून मातीत शिरतात, म्हणून आजूबाजूची मातीही उकरून बघावी लागते. प्रत्यक्षात पुष्कळदा त्या पाण्याच्या नळीनं धुऊन नालीत जातात आणि मर्गच्या, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या पोलीस नोंदीच्या, कागदात ‘किडे पडलेले’ एवढंच उरतं. नातेवाइकांनी पंचनाम्याच्या वेळी निदान इतकं लिहून घ्यायला लावावं : किडे अंगावर कुठे होते, केवढे होते, प्रेत उन्हात होतं की सावलीत.