जॉन्सन यांचं सिल्व्हर स्टार: पदक बघू नका, सायटेशन वाचा

राजकारणी माणूस ‘युद्धात होतो’ म्हणाला की लगेच दोन टोळ्या जमतात. एक सलाम ठोकते, दुसरी ‘सगळं थापा’ म्हणून मोकळी होते. पदकासोबत जो कागद येतो, म्हणजे सायटेशन, तो मात्र कोणी वाचत नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सिल्व्हर स्टार या लष्करी शौर्यपदकाबद्दल आजही भांडणं होतात, आणि माझ्या मते ती चुकीच्या प्रश्नावर होतात.

जॉन्सन तेव्हा टेक्ससचे खासदार होते. १९४१ मध्ये सिनेटची पोटनिवडणूक लढवताना त्यांनी सभांमधून शब्द दिला होता: तुमच्या पोरांना युद्धावर पाठवायला मत द्यावं लागलं, तर मीही त्यांच्यासोबत खंदकात जाईन. निवडणूक हरले, पण शब्द मागे लागला. नौदलाच्या राखीव दलात लेफ्टनंट कमांडर हा हुद्दा १९४० पासून होताच. पर्ल हार्बरनंतर काही दिवसांतच ते सक्रिय सेवेत रुजू झाले. पहिले महिने गेले ते अमेरिकेतल्याच गोद्या आणि प्रशिक्षणाची कामं तपासण्यात. खंदक लांबच राहिला. मग १९४२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना नैर्ऋत्य पॅसिफिकच्या पाहणीला धाडलं. सोबत लष्कराचे दोन लेफ्टनंट कर्नल होते, सॅम्युएल अँडरसन आणि फ्रान्सिस स्टीव्हन्स.

९ जून १९४२. न्यू गिनीत पोर्ट मोर्स्बीजवळच्या ‘सेव्हन माइल’ धावपट्टीवरून २२ व्या बॉम्बर गटाची बी-२६ मरॉडर विमानं लाएच्या जपानी तळावर निघाली. तिघेही निरीक्षक म्हणून जायचे होते. जॉन्सन आधी ‘वॉबॅश कॅननबॉल’ नावाच्या विमानात चढले होते. मग काही कामासाठी उतरले. लघवीला की कॅमेरा आणायला, ते सांगणाऱ्यागणिक बदलतं. परत येऊन बघतात तो जागेवर स्टीव्हन्स बसलेले. जॉन्सन दुसऱ्या विमानात गेले, ‘हेकलिंग हेअर’मध्ये. वॉबॅश कॅननबॉल त्या दिवशी समुद्रात पडलं, आतलं कोणीही वाचलं नाही.

हेकलिंग हेअर लक्ष्यापर्यंत पोचलंच नाही. वाटेत जनरेटर गेला आणि वैमानिकाने विमान मागे वळवलं. यावरून ‘पळून आले’ म्हणणाऱ्यांना बी-२६ ठाऊक नाही. या विमानाच्या चार पात्यांच्या पंख्यांचा कोन विजेच्या मोटरवर बदलायचा, तेलाच्या दाबावर नाही. जमिनीवर बॅटरी जास्त वापरली गेली तरी उड्डाणाच्या वेळी पाती सपाट कोनावर सरकून पंखा बेफाम फिरायचा, इंजिनाची ओढ जायची. सुरुवातीचे कितीतरी अपघात याच कारणाने झाले. पाठीवरचा मशिनगनचा बुरूजही विजेवर फिरणारा. वाटेत ओवेन स्टॅनलीची चार हजार मीटर उंचीची डोंगररांग आणि पलीकडे जपानची झीरो लढाऊ विमानं. अशा वेळी वीज दगा देत असेल तर विमान मागे आणणं हेच वैमानिकाचं काम. तो निर्णयही वैमानिकाचा होता, पाहुण्या खासदाराचा नव्हे.

आता मुख्य वाद. परतताना या एकट्या पडलेल्या विमानावर झीरोंनी हल्ला केला का? विमानातल्या काहींनी पुढे अंगावर काटा येईल असं वर्णन केलं, गोळ्यांनी चाळण झाल्याचं. दुसरे म्हणतात असं काही घडलंच नाही. त्यांचा भर उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या नोंदलेल्या वेळांवर आहे. मोर्स्बी ते लाए सरळ रेषेत ३०० किलोमीटरच्या आसपास, मधे डोंगर. विमान नेमकं किती वेळ हवेत होतं यावरून ते किती पुढे गेलं याचा अंदाज बांधता येतो. कोणाचाही युद्धातला दावा तपासायचा तर सुरुवात इथूनच करावी. आठवणी फुगतात, लॉगबुक फुगत नाही.

पण हा वाद बाजूला ठेवा, जॉन्सन यांच्या बाजूने सगळं खरं धरा आणि मग सायटेशन वाचा. त्या आघाडीचे सरसेनापती जनरल मॅकआर्थर यांच्या मुख्यालयाचा तो कागद १८ जूनचा आहे. त्यात काय म्हटलंय? शत्रूची आठ लढाऊ विमानं आडवी आली, जॉन्सन निरीक्षक असलेलं विमान बिघडून एकटं परत फिरलं, धोका असूनही त्यांनी मन शांत ठेवलं आणि मोलाची माहिती घेऊन आले. बस्स, एवढंच. त्यांनी बंदूक चालवली नाही, कोणाला वाचवलं नाही, एकही निर्णय घेतला नाही. सिल्व्हर स्टार हे रणांगणावरच्या शौर्यासाठीचं पदक, आणि मिळालं ते न घाबरता बसून राहिल्याबद्दल. त्याच विमानात तेवढ्याच शांतपणे बसलेल्या, शिवाय काम करणाऱ्या चालकदलाला काय मिळालं? या फेरीसाठी काहीही नाही.

माझा राग मॅकआर्थरवर जास्त आहे. त्यांना वॉशिंग्टनकडून विमानं, माणसं, रसद हवी होती, आणि समोर राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीतला खासदार उभा होता. पदकाला खर्च काय येतो?

जॉन्सन भित्रे नव्हते, हेही लिहायला हवं. लाएवर जायची त्यांच्यावर सक्ती नव्हती, आणि स्टीव्हन्स त्यांच्याच जागेवर गेले हे त्यांना ठाऊक होतं. जुलैत रूझवेल्ट यांनी सैन्यात असलेल्या खासदारांना परत बोलावलं. काहींनी खासदारकी सोडून गणवेश ठेवला, जॉन्सन यांनी गणवेश सोडला. त्यातही गैर काही नाही.

आपल्याकडे युद्धातली पदकं वाचणं त्या मानाने सोपं आहे. १९६५ च्या युद्धासाठी ‘समर सेवा स्टार’ प्रत्यक्ष आघाडीच्या क्षेत्रात असलेल्यांना, ‘रक्षा मेडल’ मात्र त्या काळात सेवेत असलेल्या जवळपास सगळ्यांना. १९७१ चंही तसंच: ‘पूर्वी स्टार’ किंवा ‘पश्चिमी स्टार’ वेगळं, ‘संग्राम मेडल’ वेगळं. छातीवर सगळी सारखीच चमकतात. यातलं एकही शौर्यपदक नाही, हे प्रचाराच्या पत्रकात कधी छापलेलं असतं का?

परतल्यावर जॉन्सन यांनी एक पत्र तयार करवलं. मला हे पदक मनापासून स्वीकारता येत नाही, अशा अर्थाचं. त्याचा मसुदा त्यांच्या कागदपत्रांत सापडतो. पत्र पाठवलं गेलं नाही. उलट पदक जाहीर समारंभांत पुन्हा लावून घेतलं गेलं, १९४८ च्या सिनेट प्रचारात मिरवलं गेलं. त्या वेळची डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत उमेदवारीची निर्णायक फेरी ते ८७ मतांनी जिंकले. सिल्व्हर स्टारची छोटी पिन पुढे व्हाइट हाउसमध्येही त्यांच्या कोटावर असायची. व्हिएतनामच्या काळातले त्यांचे फोटो काढून बघा, डावीकडच्या कॉलरवर दिसेल.