लाल पाकीट आणि आईचा पुठ्ठा

2025 च्या फेब्रुवारीत जर्मनीच्या संसदेसाठी मी मत दिलं ते स्टुटगार्टमधल्या आमच्या स्वयंपाकघरात. मतपत्रिका पोस्टाने घरी आली होती. टेबलाच्या पलीकडे बायको भेंडी चिरत होती. दोन फुल्या मारल्या, पत्रिका एका पाकिटात घातली, ते पाकीट आणि 'मत माझं मीच दिलं आहे' असा शपथेवर सही केलेला कागद मोठ्या लाल पाकिटात घातला आणि कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीत टाकून आलो. देशातल्या देशात तिकीटही लागत नाही. परत आलो तर बायको म्हणाली, "यंदा त्यांना का?" तिने पाहिलं होतं.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी कोथरूडचा एक मित्र टाकतो : 'जर्मनीने व्होटिंग मशीन फेकून दिलं, आपण कधी?' त्यावर दुसरा लगेच, 'तिकडे माणसं किती, इकडे किती!' मग दोघांची जुंपते आणि तिसरा कुणीतरी मिसळीचा फोटो टाकून विषय मिटवतो.

जर्मनीची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. 2005 च्या निवडणुकीत सुमारे 20 लाख लोकांनी मशिनवर मत दिलं. एक बापलेक कोर्टात गेले. 3 मार्च 2009 ला जर्मनीच्या घटना न्यायालयाने ती मशिनं घटनाबाह्य ठरवली, पण निवडणूक रद्द केली नाही, कारण गडबडीचा पुरावा नव्हता. कोर्टाचं म्हणणं असं, की मत टाकण्यापासून निकालापर्यंतच्या महत्त्वाच्या पायऱ्या तंत्रज्ञानाचं खास ज्ञान नसलेल्या नागरिकालाही तपासता आल्या पाहिजेत. मशीन चोर आहे असं कोर्टाने म्हटलंच नाही. 'तज्ज्ञांवर विश्वास ठेवा' हे उत्तर तेवढं चालणार नाही, असं म्हटलं.

हे तपासणं म्हणजे काय, ते मी एकदा स्टुटगार्टला मोजणीला बसलो तेव्हा कळलं. शाळेचा वर्ग, भिंतीवर पोरांनी काढलेले हत्ती. संध्याकाळी सहाला दार बंद न करता पेटी टेबलावर उपडी केली. शेजारच्या इमारतीतल्या एक आजी कोट न काढता दोन तास उभ्या राहून बघत होत्या. त्यांना कुणी 'तुमचं काय काम' विचारलं नाही. आठच्या सुमारास आकडा फोनवर कळवला आणि आजी घरी गेल्या.

पुण्यात 2024 ला लोकसभेचं मतदान 13 मेला झालं आणि मोजणी 4 जूनला. मधले 22 दिवस मशिनं स्ट्राँगरूममध्ये. कुलपं, सील, कॅमेरे, पहारा, सगळं असतं, आणि कुलपं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. पण संशयाला वाढायला 22 दिवस पुष्कळ झाले. नंतर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे बटण दाबल्यावर मतदाराला दिसणाऱ्या छापील चिठ्ठ्या मोजायच्या त्या प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या फक्त पाच केंद्रांच्या. सगळ्या मोजा, अशी मागणी सुप्रीम कोर्टाने 26 एप्रिल 2024 ला फेटाळली, आणि चिठ्ठ्या मोजायला यंत्र वापरता येईल का ते आयोगाने तपासावं, असं सुचवलं. मला तिथे हसू आलं. यंत्रावर शंका म्हणून कागद आणला, आणि कागद मोजायला पुन्हा यंत्र!

विधानसभेच्या निकालानंतर सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने गावापुरतं मतपत्रिकेवर मतदान करून बघायचं ठरवलं, आणि प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. त्यातून खऱ्या निकालाबद्दल काही सिद्ध झालं नसतं. दुसऱ्या वेळी माणूस वेगळंही मत देतो. पण त्या गावाला जे हवं होतं ते स्टुटगार्टच्या आजींना न मागता मिळालं होतं. म्हणून माझं मत : मशीन राहू द्या, बूथ कॅप्चरिंगच्या आठवणी आमच्या पिढीला आहेत. पण चिठ्ठ्या सगळ्या मोजा, हाताने, लोकांसमोर, दोन दिवस जास्त गेले तरी चालतील.

इथवर मित्र खूश असतो. पुढे मात्र आमचं बिनसतं. परदेशातल्या भारतीयांनाही पोस्टाने मत द्या, असं त्याचं म्हणणं. आज त्यांना मतदारयादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला स्वतः बूथवर यावं लागतं. प्रतिनिधीमार्फत मत देण्याचं विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेत मंजूर न होताच संपलं. मी पासपोर्ट बदलला, त्यामुळे यात माझा काही स्वार्थ नाही. मला आखातातला कामगारांचा कँप दिसतो : एका खोलीत आठ जण, पासपोर्ट मुकादमाकडे, आणि टेबलावर आठ मतपत्रिका. तिथे फुली कुणाच्या हाताने पडेल? माझी बायको नुसती विचारून थांबली. मुकादम थांबेल?

आणि घरबसल्या मत द्यायचंच असेल, तर त्याची रीत पुण्यात माझ्या आईच्या घरी पाहायला मिळाली. 2024 ला 85 वर्षांवरच्या मतदारांना घरून मत द्यायची सोय होती. आई 88 ची. फॉर्म भरला होता, मग एक दिवस दोन-तीन कर्मचारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला असे सगळे कोथरूडच्या दोन खोल्यांत शिरले. त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आणि माझ्या बहिणीला सांगितलं, "ताई, तुम्ही जरा बाहेर थांबा." बहीण म्हणाली, "अहो, आईला दिसत नाही नीट." "आम्ही आहोत ना." आईने मात्र कुणाची मदत घेतली नाही. चष्मा पुसला, पाच मिनिटं घेतली, पाकीट स्वतः चिकटवलं. मत कुणाला दिलं ते आजतागायत बहिणीला माहीत नाही, आणि ती तिच्याबरोबर राहते.

15 जानेवारी 2026 ला महापालिकेचं मतदान झालं. आईला नेणं जमलं नाही. बहिणीने प्रभागातली चार बटणं दाबली आणि घरी आली. या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नव्हतंच. मी व्हिडिओ कॉलवर होतो.

"चिठ्ठी दिसली का गं?" आईने विचारलं.

"नाही आई. बीप वाजलं."

"बीप," आई म्हणाली, आणि चष्मा पुसायला लागली.