एका हुकाचा ताळेबंद

आमच्या न्हाणीघराच्या दारामागे एक लोखंडी हूक आहे. त्याला आजवर आलेला खर्च १४,६५० रुपये. मी अकाउंट्समध्ये आहे, तेव्हा आकडा पक्का. यात माझी मजुरी धरलेली नाही. धरली तर हूक लॉकरमध्ये ठेवावा लागेल.

लोहारकामाचं खूळ डोक्यात शिरलं ते मार्चअखेरीच्या धबडग्यात. रात्री अकराला ऑफिसातून आले, फोन उघडला, तर एक दाढीवाला ट्रकच्या कमानपाट्यातून, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्टीतून, तलवार घडवत होता. वीस मिनिटांत झालीसुद्धा. मधले चार महिने त्याने कापून टाकले होते, हे कळायला मला चार महिने लागले.

"त्यापेक्षा जिम लाव," नवरा म्हणाला.

"जिममधून तलवार मिळत नाही."

"आपल्याला तलवार हवीय?"

या प्रश्नाचं उत्तर अजून प्रलंबित आहे.

आधी ऐरण हवी. कामासाठी मुंबईला गेले होते तेव्हा मोठ्या आशेने लोहार चाळीत शिरले. तिथे पंखे, वायरी, दिवे, स्विचबोर्ड, सगळं मिळतं. लोहार तेवढा नाही. मग कुणीतरी सांगितलं, रुळाचा तुकडा घ्या, नवशिक्याला उत्तम. एका भंगारवाल्याकडे तो निघालाही. मीटरला ५२ किलो वजनाचा रूळ, म्हणजे फुटाला जवळजवळ १६ किलो. मी सवयीने विचारलं, "पक्कं बिल मिळेल का?" तो माझ्याकडे बघत राहिला. "ताई, रुळाचं बिल रेल्वेच देईल की." रेल्वेच्या मालाबाबत १९६६ चा एक कायदा आहे आणि त्यात कैदेची तरतूद आहे, एवढं मला ठाऊक होतं. रूळ तिथेच ठेवला आणि ऑनलाइन ऐरण मागवली. ६,२०० रुपये, जीएसटीसकट, बिलासकट.

भट्टी गच्चीवर मांडली. एक जुनी घमेली, तिला आतून मातीचा लेप, वर लोणारी कोळसा, आणि भात्याच्या जागी माझा हेअर ड्रायर. सोसायटीच्या उपविधींत गच्चीवर पापड वाळत घालायला बंदी आहे; भट्टीबद्दल अवाक्षर नाही. सेक्रेटरी वर आले, त्यांनी धूर पाहिला, घण पाहिला, एप्रनमधली मी पाहिली आणि "टाइल्सचं काम चाललंय वाटतं" असं स्वतःशीच म्हणत खाली गेले. हेअर ड्रायरने तिसऱ्या रविवारी प्राण सोडला.

पण खरा छळ लोखंडाने मांडला. पुस्तकी ज्ञान माझ्याकडे भरपूर होतं. पोलाद साधारण ७७० अंशांना तापलं की त्याला लोहचुंबक चिकटत नाही. तो रंग लक्षात ठेवायचा. मी माथेरानहून आणलेला फ्रिजवरचा घोडा लावून पाहिला. पोलाद चिकटलं नाही; घोडा चिकटला, कायमचा. दुसऱ्या खेपेला सळई भट्टीतून काढली तर तिच्या टोकातून फुलबाजी उडायला लागली. मी नवऱ्याला हौसेने हाक मारली, "बघ, किती छान!" लोखंड जळत होतं. तेवढा तुकडा मग हातोड्याखाली चण्याच्या डाळीसारखा फुटला.

आणि काळं लोखंड! लाल लोखंडाला कोणी हात लावत नाही हो. चारशे अंशांचं लोखंड मात्र निवांत काळं दिसतं, अगदी कपाटाच्या कडीइतकं निरुपद्रवी. मी ते उचलून बाजूला ठेवायला गेले. सोमवारी साहेबांनी माझा पट्टी बांधलेला अंगठा पाहिला. "कुकर?" मी मान डोलावली. लोहारकाम करताना भाजलं हे सांगण्यापेक्षा स्वयंपाक येत नाही हे कबूल करणं सोपं होतं.

शेवटी सासवड रस्त्याला एका घिसाडी, म्हणजे भटक्या लोहार, कुटुंबाचा पाल दिसला, तिथे गाडी थांबवली. ताडपत्रीखाली काका बसलेले, समोर जमिनीत अर्धी गाडलेली ऐरण, आणि मावशी उभ्या, हातात घण. काका सांडशीत कमानपाटा धरायचे, छोट्या हातोडीने टक् करायचे, आणि त्याच जागी मावशींचा घण दाणकन् पडायचा. टक्, दाण. टक्, दाण. तोंडाने कुणी काही बोलत नव्हतं. हातोडी नुसती ऐरणीवर आडवी पडली की घण थांबायचा. मी नवऱ्याला मीठ दे म्हणून तीन वेळा सांगते.

मी डिकीतली माझी ऐरण दाखवली. मावशींनी तिच्यावर हातोडी टेकवली. बद्द आवाज आला. "ही बिडाची हाय. घण मारला तर फुटंल." मग मी फुलबाजीचं गाऱ्हाणं सांगितलं.

"कुठं बसता कामाला?"

"गच्चीवर. उन्हात."

मावशींनी घण खाली ठेवला. "मंग उन्हात त्याचा रंग कसा दिसंल? आमी काय उनाला भिऊन ताडपत्री बांधतो व्हय?"

चार महिने मी लख्ख उजेडात बसून लोखंडाचा रंग वाचत होते. लाल झालंच नाही म्हणून आणखी तापवत होते, आणि ते बिचारं मघाशीच लाल होऊन गेलेलं.

आता कबुलीजबाब पूर्ण करते: मी सळईची सुरीही केली होती. लाल करून पाण्यात बुडवली, चर्र झालं, अंगावर काटा आला. मग तिने टोमॅटो कापायला गेले तर सुरी वाकली. काकांनी ती हातात घेऊन दोन बोटांनी सरळ केली. "बांधकामाच्या सळईला पानी चढत न्हाई, बाई." पाणी चढायला, म्हणजे तापवून बुडवल्यावर कडक व्हायला, पोलादात कार्बन लागतो. कमानपाट्यात तो असतो, सळईत पुरेसा नसतो. मुळात नाही ते ताळेबंदात दाखवता येतं, लोखंडात नाही. एकूण, लोखंडानेच मला पाणी पाजलं.

निघताना मावशींनी एक सळई तापवून माझ्या हाती हातोडा दिला. ताडपत्रीच्या सावलीत ती पिकलेल्या रायवळ आंब्यासारखी दिसत होती. "आता. मार." मी मारलं. लोखंड खरंच सरकलं, कणकेसारखं! पंधरा-वीस घाव बसेपर्यंत रंग उतरला, की परत भट्टीत. टोक निमुळतं केलं, ऐरणीच्या कडेवर वळवलं, सहा वेळा तापवलं. त्यातला चौथा ताप मावशींनी चहा प्यायच्या नादात मला एकटीला करू दिला. तोच भाग जरा वाकडा आहे.

हूक घरी आला. सासऱ्यांना आवडला. त्यांच्या टॉवेलसाठीही एक हवा म्हणाले. मी वही काढली, हिशेब केला आणि सांगितलं, "अप्पा, दिवाळीपर्यंत देते."

अप्पा आतून खिळा घेऊन आले आणि दारात ठोकला. एका घावात.