तलवारीवर पडून सुटका

महाराष्ट्रात कुठे पूल कोसळला, कुठे पेपर फुटला की घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर हमखास येतं: "तुमच्याकडे मंत्री लगेच राजीनामा देतात, आमचे खुर्ची सोडत नाहीत." इतकी वर्षं इंग्लंडमध्ये राहून मला हे पटत नाही.

चुकीची जबाबदारी घेऊन पायउतार होणाऱ्याला इथे म्हणतात, तो आपल्याच तलवारीवर पडला. बायबलमधला राजा शौल लढाई हरल्यावर शत्रूच्या हाती विटंबना नको म्हणून तसा मेला. इ.स. ९ मध्ये जर्मनीच्या जंगलात तीन लीजन, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकड्या, गमावणारा रोमन सेनापती व्हारसही तसाच गेला. रोममध्ये सम्राटाला जाब द्यायला तो उरलाच नाही. राजीनाम्यातलं मला खुपतं ते हेच.

१९८२ मध्ये अर्जेंटिनाने ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं घेतली आणि तीन दिवसांत इथले परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन यांनी पद सोडलं. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण इथल्या पोस्टाचं प्रकरण बघा. होरायझन या संगणकप्रणालीने खोटी तूट दाखवली आणि ९००हून अधिक पोस्टमास्तर चोर ठरले. दूध-ब्रेडच्या दुकानातच पोस्टाचा काउंटर चालवणारी साधी माणसं ही. कुणी घर गहाण टाकून तूट भरली. भारतीय वंशाच्या एका बाईला गरोदरपणी तुरुंगात धाडलं. पोस्टाच्या मुख्याधिकारी पॉला व्हेनेल्स २०१९ मध्ये पद सोडून गेल्या, वर त्याच वर्षी त्यांना सीबीई किताब मिळाला! शपथेवर उत्तरं द्यावी लागली ती थेट मे २०२४ मध्ये, चौकशीसमोर तीन दिवस बसून. ती साक्ष बघताना वाटलं, न्यायाची सुरुवात इथून होते.

आपल्याकडे राजीनामे काय कमी झाले? (चिंतामणराव देशमुखांचा १९५६चा वेगळा, तो चुकीपोटी नव्हता, मुंबईसाठी होता.) २६/११ नंतर आर. आर. आबांनी गृहखातं सोडलं. २००९च्या निवडणुकीनंतर ते पुन्हा गृहमंत्री झाले आणि हल्ल्यातल्या पोलिसी त्रुटी दाखवणारा राम प्रधान समितीचा अहवाल विधिमंडळात आला तो त्यानंतर. राजीनाम्यासाठी जेवढा गदारोळ झाला, त्याच्या निम्मा तरी या अहवालासाठी व्हायला हवा होता.

म्हणून ग्रुपवर मी आता एवढंच लिहितो: मंत्री राहो वा जावो, चौकशी कोण करणार आणि अहवाल सभागृहात कधी ठेवणार, ते आधी विचारा.