बाबांची 'ब्रिटिश'

जुलैच्या तिसऱ्या रविवारी आमच्या घरी दुपारीच फर्मान निघतं, "आज ब्रिटिश आहे, जेवणं लवकर उरका." ब्रिटिश म्हणजे ब्रिटिश ओपन, गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या, 'मेजर' स्पर्धांपैकी एक. पुरुषांच्या बाकीच्या तीन मेजर अमेरिकेत होतात. त्यांचा शेवटचा दिवस बघायचा तर आपल्याकडे पहाटेपर्यंत जागावं लागतं. ही एकच अशी, की रात्री अकरा-साडेअकरापर्यंत निकाल लागतो आणि माणूस वेळेवर झोपू शकतो. म्हणून ती बाबांची हक्काची.

2025 च्या जुलैत आम्ही एका ओळखीच्यांकडे शेवटची फेरी बघायला गेलो होतो. रॉयल पोर्टरशला स्पर्धा होती आणि स्कॉटी शेफलर इतका पुढे होता, की चुरस अशी उरलीच नव्हती. त्यामुळे गप्पा रंगल्या. बाबा सांगत होते, "ब्रिटिश ओपनमध्ये वाऱ्याशी भांडायचं नसतं..." तेवढ्यात शेजारचा पंचविशीतला मुलगा म्हणाला, "काका, ब्रिटिश ओपन नावाची स्पर्धाच नाहीये. द ओपन म्हणायचं. ब्रिटिश ओपन अडाणी लोक म्हणतात." त्यावर दुसरा म्हणाला, अख्खी अमेरिका म्हणते, ती काय अडाणी आहे? झालं. पंधरा-वीस मिनिटं नुसता गदारोळ. टीव्हीकडे कुणाचं लक्ष नाही.

बाबा "बरं" म्हणाले आणि कप खाली ठेवला. त्यानंतर निघेपर्यंत त्यांनी त्या स्पर्धेचं एकही नाव घेतलं नाही. "ही मॅच" म्हणत राहिले. ज्या माणसानं वयाच्या अकराव्या वर्षापासून कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या गोल्फच्या बॅगा खांद्यावर वाहिल्या, साहेबांच्या बॅगेतल्या मासिकांतले फोटो बघून स्पेनच्या सेव्हे बायेस्तेरोसचा स्विंग डोळ्यांत साठवला, त्याला त्याच्याच आवडत्या स्पर्धेचं नाव घ्यायची चोरी झाली. ते मला फार लागलं. म्हणून लिहितेय.

मुलाचं म्हणणं चूक नव्हतं, हे आधीच सांगते. स्पर्धेचं अधिकृत नाव 'द ओपन' हेच आहे. पूर्ण नाव 'द ओपन चॅम्पियनशिप'. त्यात ब्रिटिश शब्द कुठेही नाही. विजेत्याच्या हातात 'क्लॅरेट जग' म्हणून ओळखला जाणारा जो चांदीचा चषक देतात, त्याचं खरं नाव 'गोल्फ चॅम्पियन ट्रॉफी'. तो देताना विजेत्याला 'चॅम्पियन गोल्फर ऑफ द इयर' म्हणून पुकारतात. तिथेही देशाचं नाव नाही.

का नाही, तर ही पहिली होती. 17 ऑक्टोबर 1860 ला स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविकला आठ जण खेळले. कोर्स 12 होलचा (होल म्हणजे चेंडू ज्यात घालायचा तो खड्डा), म्हणून एकाच दिवसात तीन फेऱ्या मारून 36 होल पूर्ण केले. ज्याचे फटके सगळ्यांत कमी, तो जिंकला. विली पार्क 174 फटक्यांत जिंकले, ओल्ड टॉम मॉरिस दोन फटक्यांनी मागे राहिले. आदल्या वर्षी अ‍ॅलन रॉबर्टसन वारले होते. त्यांच्या हयातीत सगळ्यांत चांगला कोण हा प्रश्नच नव्हता. आता कोण, हे ठरवायला ही स्पर्धा. अमेरिकेची ओपन सुरू झाली 1895 मध्ये. म्हणजे जवळपास पस्तीस वर्षं 'ओपन' म्हटलं की कुठली, असं विचारायची कुणाला गरजच पडली नाही. आपल्याकडे कुणी "वारीला चाललोय" म्हणालं, तर आपण "कुठल्या?" असं विचारतो का? पहिलं टपाल तिकीट ब्रिटननं 1840 मध्ये काढलं, तेव्हा दुसऱ्या कुणाचं नव्हतंच, म्हणून त्यावर देशाचं नाव घातलं नाही. आजही त्यांच्या तिकिटावर देशाचं नाव नसतं. या नावाचंही तसंच.

'ब्रिटिश' शब्द चिकटला तो मुख्यतः अमेरिकेमुळे, आणि त्यातही वाईट हेतू नव्हता. 1930 मध्ये अमेरिकेच्या बॉबी जोन्सनं एकाच वर्षात दोन्ही ओपन जिंकल्या. आता वर्तमानपत्रानं 'जोन्स यांनी ओपन जिंकली आणि मग ओपन जिंकली' असं छापायचं का? एक यूएस, एक ब्रिटिश, सरळ हिशेब. आणि अमेरिकनांना या स्पर्धेबद्दल आदर नाही, असं कुणी म्हणू नये. आर्नल्ड पामर 1960 मध्ये, स्पर्धेच्या शंभराव्या वर्षी, सेंट अँड्र्यूजला मुद्दाम खेळायला गेले, एका फटक्यानं हरले, आणि पुढची दोन्ही वर्षं जाऊन जिंकून आले. त्या काळी अमेरिकेतले मोठे खेळाडू तिकडे फारसे फिरकत नसत. पामर गेले म्हणून मागून बाकीचे गेले.

आणखी एक. जे ब्रिटिश चाहते 'ब्रिटिश ओपन' ऐकलं की चिडतात, त्यांच्यातलेच कित्येक अमेरिकेतल्या दोन मेजर स्पर्धांना 'यूएस मास्टर्स' आणि 'यूएस पीजीए' असं बिनदिक्कत म्हणतात. त्या दोन्ही नावांत अधिकृतरीत्या यूएस नाही. मास्टर्सचं नाव नुसतं 'मास्टर्स टूर्नामेंट'. म्हणजे दोन्हीकडे माणसं तेच करतात, लांबच्या गोष्टीला गावाचं नाव जोडतात. आणि आयोजकांचं म्हणाल, तर महिलांच्या ओपनच्या नावातला 'ब्रिटिश' 2020 मध्ये निघाला. तोपर्यंत तो अधिकृत नावातच होता.

पण 'ब्रिटिश' म्हणण्यात खरी चूक कुठे आहे, ते पोर्टरशला दिसतं. पोर्टरश उत्तर आयर्लंडमध्ये आहे. ते युनायटेड किंगडममध्ये येतं, ग्रेट ब्रिटनमध्ये नाही. तिथले काही लोक स्वतःला ब्रिटिश म्हणवतात, काही आयरिश, आणि या एका शब्दापायी तिथे रक्त सांडलंय. गोल्फची संघटना मात्र 1891 पासून अख्ख्या बेटाची एकच. 2019 मध्ये तिथे शेन लाउरी जिंकला, तो सीमेपलीकडचा, आयर्लंड प्रजासत्ताकाचा. भर पावसात शेवटच्या होलकडे येताना त्याच्या मागे लोटलेली ती गर्दी मी विसरू शकत नाही. त्या दिवशी त्या गर्दीसमोर 'ब्रिटिश' म्हणावंसं मला तरी वाटलं नसतं. माझ्यासाठी नावाचा निकाल तिथेच लागला. मी द ओपन म्हणते.

पण मराठीत 'द' कुठून आणायचा? आपल्या भाषेत तो नाहीच. नुसतं 'ओपन' म्हटलं तर आपल्याला अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवरचा रकाना आठवतो. म्हणून आपल्या पेपरांनी वर्षानुवर्षं 'ब्रिटिश ओपन' छापलं, आणि बाबांनी ते वाचलं. ते अडाणी नाहीत. त्यांच्यापर्यंत स्पर्धा ज्या नावानं पोचली, ते नाव ते घेतात.

आता मला मनापासून सांगायचंय ते हे, की त्या वीस मिनिटांत सगळे 'द' आणि 'ब्रिटिश' यावर तुटून पडले होते. 'ओपन' या शब्दाकडे कुणी वळूनही बघितलं नाही.

1860 ची पहिली स्पर्धा ओपन नव्हतीच. ती फक्त व्यावसायिकांची होती. व्यावसायिक म्हणजे कोण? काठ्या बनवणारे, कॅडीची कामं केलेले, मैदान राखणारे. ओल्ड टॉम मॉरिस स्वतः प्रेस्टविकचे मैदान राखणारे होते. 1861 मध्ये क्लबनं ठरवलं, की ही स्पर्धा यापुढे सगळ्या जगाला खुली. ते नाव तिथून आलं. तो एक ठराव आहे, एक शब्द दिलेला आहे.

तो शब्द पाळायला किती काळ लागला ते बघा. 1920 मध्ये इंग्लंडमधल्या डीलला ओपन झाली, तेव्हाही व्यावसायिक खेळाडूंना क्लबहाउसचं दार बंद होतं. वॉल्टर हेगन या अमेरिकन व्यावसायिकानं आलिशान गाडी भाड्यानं घेतली, क्लबच्या दारासमोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले. अमेरिकेच्या पीजीएच्या, म्हणजे व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेच्या, घटनेत 'फक्त गोरे' हे कलम 1961 पर्यंत होतं. आणि दक्षिण आफ्रिकेत पापवा सेवगोलम. भारतीय वंशाचा, कॅडी म्हणून वाढलेला, काठीवर उलटे हात धरून खेळणारा. त्यानं 1963 मध्ये डर्बनला नाताल ओपन जिंकली. गोरे क्लबहाउसच्या आत, आणि विजेत्याला चषक बाहेर पावसात दिला. स्पर्धेच्या नावात ओपन होतं!

बाबांचंही असंच एक आहे. त्यांच्या लहानपणी सोमवारी कोर्स बंद असे आणि त्या दिवशी कॅडी पोरांना खेळायची मुभा असे. जुन्या, टाकून दिलेल्या काठ्या, एकेका काठीत तिघं वाटेकरी. बाबा त्यांच्यातले चांगले. विशीत असताना एका क्लबनं (नाव लिहीत नाही) 'ओपन' स्पर्धेची सूचना फळ्यावर लावली. बाबांनी पैसे जमवून फॉर्म आणला, मोठ्या भावाकडून इंग्रजीत भरून घेतला. खिडकीतल्या माणसानं फॉर्म वाचला, वर बघितलं, आणि म्हणाला, "अरे, ही मेंबर आणि त्यांच्या पाहुण्यांची आहे. ओपन म्हणजे सगळ्या क्लबांच्या मेंबरांना ओपन." त्या दिवशी बाबांनी त्याच स्पर्धेत बॅग उचलली. तो फॉर्म अजून घरी ट्रंकेत आहे, चार घड्यांचा, घड्यांवर फाटलेला. निळ्या शाईतलं नाव मात्र स्पष्ट वाचता येतं.

म्हणून मला 'द ओपन' हे नाव प्रिय आहे. त्या ओपनची पात्रता फेरी आजही कुणाही व्यावसायिकाला, आणि हँडिकॅप (खेळाचा दर्जा सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) शून्याच्या आसपास असलेल्या कुणाही हौशी खेळाडूला खुली आहे. 1976 मध्ये मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट नावाचा क्रेन चालवणारा कामगार स्वतःला व्यावसायिक म्हणवून फॉर्म भरून आत शिरला आणि 121 फटके खेळला. आयोजक भयंकर संतापले, पण दार उघडं होतं म्हणूनच तो आत आला ना! आपल्याकडे कोलकात्यात मैदान राखणाऱ्याचा मुलगा, एसएसपी चौरसिया, 2016 आणि 2017 ची इंडियन ओपन जिंकला. आपला शुभंकर शर्मा 2023 मध्ये इंग्लंडमधल्या हॉयलेकला द ओपनमध्ये संयुक्त आठवा आला, तेव्हा बाबा टीव्हीसमोर उभं राहून बघत होते. बसा म्हटलं तर बसेनात.

त्या मुलाला मी एवढंच म्हणेन, बाळा, नाव बरोबर सांगितलंस. पण ते सांगताना ज्याला गप्प केलंस, तो माणूस त्या नावाचा अर्थ तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त जाणतो.

त्या रात्री रिक्षातून येताना बाबांनीच विषय काढला. "काय म्हणाला तो पोरगा, नाव?" मी सांगितलं. मग 1861 चंही सांगितलं, जे तिथे बोलायचं राहून गेलं होतं.

"सगळ्यांना खुली म्हणजे? कॅडीलापण?"

"कॅडीचं काम केलेली माणसं पहिल्यापासूनच होती, बाबा. त्यांच्यासाठीच तर सुरू झाली."

ते थोडा वेळ बाहेर बघत राहिले. मग विचारलं, हँडिकॅप किती लागतो. मी म्हटलं, शून्याच्या आसपास. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि अंगठ्यानं एकेक बोट मोजायला लागले. सोमवारच्या पोरांची नावं होती ती. नाक्यावर रिक्षा थांबली तेव्हा ते सातव्या नावावर होते, आणि त्यात त्यांनी स्वतःला अजून धरलं नव्हतं.