‘गांजाने आजवर एकही माणूस मेला नाही’ म्हणणाऱ्या संदेशाबद्दल

गांजाचे गुण गाणारा एक लांबलचक संदेश फोनाफोनांतून फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: ही निसर्गाची देणगी आहे, दुष्परिणाम शून्य, गांजाने आजवर एकही माणूस मेलेला नाही, त्याचं व्यसन लागत नाही, त्याच्या तेलाने कॅन्सर बरा होतो, हे १९७४ सालीच अमेरिकेत सिद्ध झालं होतं, पण औषध कंपन्यांनी दाबून टाकलं, आणि २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांनीही त्याला औषध म्हणून मान्यता दिली. शेवटी नेहमीचं, ‘कुणाचा तरी जीव वाचेल, पुढे पाठवा.’

निव्वळ थापा असत्या तर दोन ओळींत विषय संपला असता. पण यातल्या जवळपास प्रत्येक वाक्याच्या मुळाशी काहीतरी खरं आहे, आणि ते खरं जिथे संपतं तिथून पुढे संदेश बिनधास्त धावत सुटतो.

‘एकही माणूस मेला नाही’ हेच घ्या. अफूपासून बनणाऱ्या औषधांचा डोस जास्त झाला की श्वास थांबतो, कारण श्वसन चालवणाऱ्या मेंदूच्या देठात त्या औषधांना प्रतिसाद देणारे रिसेप्टर, म्हणजे पेशींवरचे रसायन पकडणारे बिंदू, भरपूर असतात. गांजातलं नशा आणणारं रसायन, म्हणजे टीएचसी, ज्या रिसेप्टरवर काम करतं ते त्या भागात फारच कमी आहेत. त्यामुळे प्रौढ माणूस जास्त गांजा ओढून श्वास बंद पडून दगावणं जवळपास घडत नाही. इथपर्यंत संदेश बरोबर आहे. ‘मरायला पंधरा मिनिटांत सुमारे ७०० किलो गांजा लागेल’ हा प्रसिद्ध हिशेब मात्र कुठल्या प्रयोगातला नाही. १९८८ साली अमेरिकेतल्या एका प्रशासकीय न्यायाधीशाने आपल्या निकालपत्रात प्राण्यांवरच्या आकड्यांवरून तो मांडला होता.

पण माणूस काही फक्त विषबाधेनेच मरत नाही. मार्च २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १९ वर्षांच्या एका तरुणाने गांजा घातलेल्या बिस्किटाचा एक तुकडा खाल्ला. अर्ध्या-पाऊण तासात काहीच जाणवेना, म्हणून उरलेलं सगळं खाल्लं. त्या एका बिस्किटात साडेसहा जणांचा डोस होता, ६५ मिलिग्रॅम टीएचसी. काही तासांनी वागणं बिघडलं आणि त्याने चौथ्या मजल्यावरून उडी मारली. खाण्यातल्या गांजाचा धोका नेमका इथे आहे. धूर काही मिनिटांत मेंदूत पोचतो, पण पोटातून जाणारं टीएचसी यकृतात जातं, तिथे त्याचं आणखी जोरकस रूप तयार होतं आणि पूर्ण परिणाम दिसायला दोन ते चार तास लागू शकतात. ‘लागलं नाही’ म्हणून दुसरा घास घेणारा खरं तर पहिल्या घासाचीच वाट बघत असतो.

लहान मुलांचं गणित तर आणखी वेगळं. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालच्या मुलांनी असे पदार्थ चुकून खाल्ल्याच्या २०१७ मध्ये २०७ नोंदी होत्या, २०२१ मध्ये ३,०५४. मुलांमध्ये बेशुद्धी आणि मंदावलेला श्वास या दोन्ही गोष्टी घडतात, तेव्हा ‘श्वासावर परिणाम नाही’ हा दिलासा त्यांना लागू होत नाही.

गाडीचाही प्रश्न आहेच. गांजाच्या अमलाखाली गाडी चालवली तर गंभीर अपघाताचा धोका साधारण दुपटीच्या आसपास जातो, असं २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज सांगतो. दारूच्या मानाने हा कमी आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण दारू जास्त वाईट आहे यावरून दुसरं काही चांगलं ठरत नाही, आणि हा युक्तिवाद ऐकून ऐकून मला आता कंटाळा आला आहे.

‘व्यसन लागत नाही.’ लागतं, सगळ्यांना नाही. अमेरिकेतल्या १९९० च्या दशकातल्या पाहणीत कधीतरी गांजा घेतलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के लोक त्याच्या आहारी गेलेले आढळले. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सहातल्या एकापर्यंत जातं. रोज घेणाऱ्याने अचानक सोडला तर चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं, अस्वस्थपणा हे पहिल्या आठवड्यात जोरात असतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेने २०१३ साली या लक्षणसमूहाला आपल्या यादीत जागा दिली. तेव्हाचा ९ टक्क्यांचा आकडा आज कमीच धरावा लागेल, कारण माल बदलला आहे. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५ साली सरासरी ४ टक्के टीएचसी होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या घरात गेलं. ‘आमच्या काळी सगळे ओढायचे, कुणाला काही झालं नाही’ म्हणणाऱ्यांनी ओढलेला गांजा वेगळा होता.

‘नैसर्गिक आहे, दुष्परिणाम शून्य.’ धोतराही नैसर्गिकच आहे, पण ते सोडा. हा दावा हल्ली मुख्यतः सीबीडी तेलाच्या जाहिरातीतून येतो. सीबीडी हे गांजातलं नशा न आणणारं रसायन, आणि त्याचं एक अस्सल यश आहे. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने शुद्ध सीबीडीच्या द्रवाला मुलांमधल्या दोन कठीण प्रकारच्या अपस्मारांसाठी, द्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टो या सिंड्रोमसाठी, मंजुरी दिली. फिटा कमी होतात हे चाचण्यांत दिसलं. पण त्याच चाचण्यांत रक्तातली यकृताची एन्झाइम्स वाढलेलीही दिसली, म्हणजे यकृतावर ताण येत होता, विशेषतः सोबत व्हालप्रोएट हे फिटांचं औषध चालू असेल तर. म्हणून उपचाराआधी आणि नंतर पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या महिन्यात रक्त तपासायला सांगितलं जातं. क्लोबाझाम हे फिटांचं दुसरं औषध चालू असेल तर त्याचा परिणाम वाढून मूल गुंगीत जाऊ शकतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनशीही सीबीडीचं जमत नाही.

डोसही बघा. त्या औषधाचा नेहमीचा डोस दर किलो वजनामागे दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम आहे. २० किलोच्या मुलाला दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅम. ऑनलाइन मिळणाऱ्या अनेक तेलांत अख्ख्या बाटलीत तेवढंच असतं, आणि लेबलवर लिहिलेलं आत असेलच असंही नाही. २०१७ मध्ये संशोधकांनी अशी ८४ उत्पादनं विकत घेऊन तपासली. लेबलशी जुळणारी जेमतेम ३१ टक्के निघाली आणि १८ नमुन्यांत टीएचसी सापडलं. ‘याने नशा येत नाही’ असं सांगून ते मुलांनाही पाजलं जातं.

संयुक्त राष्ट्रांची गोष्ट लवकर संपते. १९६१ च्या अमली पदार्थ करारात गांजा दोन याद्यांमध्ये होता. त्यातली एक, चौथी यादी, अतिशय घातक आणि उपचारासाठी फारसे उपयोगी नसलेल्या पदार्थांची. हेरॉइन त्यातच आहे. २ डिसेंबर २०२० रोजी २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा त्या यादीतून काढला गेला. पहिल्या यादीत, मॉर्फिनच्या शेजारी, तो अजून आहे. कुठल्या आजारावर तो चालतो याबद्दल त्या मतदानात काही ठरलं नाही.

मनाच्या आजारांबद्दल मात्र या संदेशात अवाक्षर नाही. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षांचा मागोवा १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतल्याचं सांगणाऱ्यांत पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट होतं. आधीचे मानसिक त्रास आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर हा आकडा बराच खाली येतो, पण फरक पुसला जात नाही. २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणी झालेल्या अभ्यासात १० टक्के किंवा जास्त टीएचसी असलेला माल रोज घेणाऱ्यांत सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराची, शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट निघाली. बहुतेकांना हा आजार होत नाही. पण घरात कुणाला तो झालेला असेल किंवा वय सोळा-सतरा असेल, तर ‘बहुतेक’ या शब्दावर विसंबू नये.

आता कॅन्सर. हा मजकूर लिहायला घेतला तो यासाठीच.

१९७४ चं ‘दडपलेलं’ संशोधन व्हर्जिनियातल्या वैद्यकीय महाविद्यालयातलं. टीएचसी दिल्यावर उंदरांमधल्या फुप्फुसाच्या गाठींची वाढ मंदावली, एवढाच त्याचा निष्कर्ष. आणि ते १९७५ मध्ये छापून आलं, तेही अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या नियतकालिकात. दडपणाऱ्यांनी स्वतःच्याच मासिकात छापावं, हे जरा विचित्रच! त्यानंतर काचेच्या बशीतल्या पेशींवर ढीगभर प्रयोग झाले. टीएचसीने कॅन्सरच्या पेशी मरतात हे खरं. कमी मात्रेत काही प्रकारच्या पेशी उलट वेगाने वाढतात, हेही २००४ मध्ये दिसलं. पहिला अर्धा भाग फिरतो, दुसरा फिरत नाही.

माणसांवर काय झालं? २००६ मध्ये माद्रिदच्या गटाने ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरचे, उपचारांनंतर आजार पुन्हा उलटलेले, ९ रुग्ण घेतले आणि टीएचसी नळीने थेट गाठीत सोडलं. उपाय सुरक्षित वाटला. निम्मे रुग्ण २४ आठवड्यांच्या आत गेले, आणि कुणीही बरं झालं नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमधून जास्त आशादायक बातमी आली. याच कॅन्सरच्या २१ रुग्णांपैकी ज्यांना नेहमीच्या केमोथेरपीसोबत टीएचसी-सीबीडीचा फवारा दिला त्यांच्यातले ८३ टक्के वर्षभर जगले, फवारा न मिळालेल्यांतले ४४ टक्के. पण गट १२ आणि ९ जणांचे. एवढ्याशा संख्येत दोघा-तिघांचं नशीबही आकडा फिरवतं, म्हणूनच पुढे दोनशेहून अधिक रुग्णांची चाचणी हाती घेण्यात आली. दोन्ही गटांना केमोथेरपी मिळत होती, हे विसरू नका. तेल घेऊन केमो सोडल्याची ही गोष्ट नाही.

सोडल्यावर काय होतं तेही मोजलेलं आहे. शरीरभर न पसरलेला स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस किंवा आतड्याचा कॅन्सर असताना प्रचलित उपचार नाकारून फक्त पर्यायी मार्ग निवडणाऱ्या २८१ अमेरिकी रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. त्यांचा मृत्यूचा धोका अडीचपट होता, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहून जास्त. त्यात सगळेच पर्याय होते, फक्त गांजा नव्हे. पण बरी होण्याजोगी गाठ असताना सहा महिने तेलावर काढले, तर ते कुठल्या झाडाचं होतं याने गाठीला फरक पडत नाही.

कॅन्सरच्या रुग्णाला गांजातून मिळण्यासारखं काही आहे का? आहे. केमोथेरपीच्या ज्या उलट्या इतर औषधांनी थांबत नाहीत त्यांच्यासाठी टीएचसीची कॅप्सूल अमेरिकेत १९८५ पासून मंजूर आहे. गंमत अशी की वर्षानुवर्षं रोज भरपूर गांजा घेणाऱ्या काहींना त्यानेच न थांबणाऱ्या उलट्या सुरू होतात आणि गरम पाण्याखाली उभं राहिल्यावरच बरं वाटतं. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी याचं पहिल्यांदा वर्णन केलं. केमो चालू असलेला रुग्ण अशा उलट्या घेऊन आला आणि गांजाबद्दल बोललाच नाही, तर डॉक्टर केमोलाच दोष देतील आणि कदाचित चालणारा उपचार बदलतील. तेल सुरू केलंच असेल तर नाव, मात्रा आणि बाटली घेऊन ऑन्कॉलॉजिस्टकडे, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरकडे, जा, आणि पुढच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे बघायला सांगा.